मागचं फाटक

पाचशे अकरा हा आकडा तिच्या ओळखीचा निघाला. साहेबांनी अकराच्या सुमाराला फाइल आणून तिच्या टेबलावर ठेवली होती. "सीमा समितीचा प्रस्ताव आलाय, यादीबाई. आकडे तेवढे पडताळा आणि चार वाजेपर्यंत सही करून द्या, पाचला छापायला जातोय," असं म्हणून ते आपल्या काचेच्या खोलीत गेले. तिने चष्मा लावला, लाकडी पट्टी पहिल्या ओळीखाली धरली आणि चौतीस वर्षांच्या सवयीने एकेक ओळ खाली सरकवत नेली. गल्ली, घरं, मतदार, त्यातल्या बायका, त्यातले पुरुष, मग वयाचे रकाने. सतराव्या ओळीला पट्टी थांबली. वाचनालयाची गल्ली, घरं अठ्ठ्याऐंशी, मतदार पाचशे अकरा. तिने चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला. आकडा जागचा हलला नव्हता. गंमत म्हणजे तिला पहिल्यांदा काय वाटलं तर लाज. आपले आतले कपडे कुणीतरी बाहेर दोरीवर वाळत घातलेत आणि सगळं कार्यालय त्याखालून ये-जा करतंय, अशी लाज. समोरच्या टेबलावरची नवी टंकलेखिका कळफलकावर बोटं आपटत होती. तिने वर बघून विचारलं, "काय झालं बाई? पाणी देऊ?" ती म्हणाली, "नको गं, उकडतंय जरा," आणि पट्टी तशीच दाबून धरून बसली.

पाचशे अकरा हा आकडा चुकीचा होता आणि ती चूक तिची स्वतःची होती. गल्लीत मतदार होते तीनशे सत्तावीस. उरलेल्या एकशे चौऱ्याऐंशी जणी नर्स होत्या. गल्लीच्या टोकाला नर्सेसच्या हॉस्टेलची भिंत लागते, त्या भिंतीत एक लोखंडी फाटक आहे, आणि रोज सकाळी सव्वासहाला पांढऱ्या बुटांच्या त्या मुली त्या फाटकातून बाहेर पडून तिच्या खिडकीवरून जातात. कुणी केस बांधत, कुणी पाव तोंडात धरून. तिला त्यांच्यातल्या काही चालण्यावरून ओळखू येतात. पण ते फाटक मागचं. हॉस्टेलचं दार, पाटी, पत्ता, पत्रपेटी सगळं पलीकडच्या मोठ्या रस्त्यावर, दुसऱ्या वॉर्डात. मतदार यादी पत्त्यावर चालते, हे कार्यालयातला शिपाईसुद्धा सांगेल. नकाशा समोर ठेवून काम करणारा कुणीही त्या मुलींना मोठ्या रस्त्यावरच मोजेल. त्यांना गल्लीत मोजण्याची चूक गल्लीत राहणारं माणूसच करू शकतं, आणि नगरमंडळाच्या या सबंध इमारतीत वाचनालयाच्या गल्लीत राहणारं माणूस एकच होतं. तिने ती चूक दोन महिन्यांपूर्वी एका रविवारी घरी बसून केली होती, सोमवारी सकाळी कार्यालयात आल्या आल्या पकडली होती, पक्क्या तक्त्यात तीनशे सत्तावीस लिहिले होते आणि कच्च्या कागदाचे, नियमाप्रमाणे, कात्रीने तुकडे केले होते. म्हणजे पाचशे अकरा या आकड्याचं सगळं आयुष्य एका दिवसाचं. त्या एका दिवसात तो तिच्याशिवाय एकाच माणसाने पाहिला होता.

कागद घरी न्यायचा नसतो. चौतीस वर्षांत तिने टाचणीसुद्धा घरी नेली नव्हती. लोक तिची थट्टा करत, की यादीबाई बाजारात जातात त्या सामानाच्या यादीलाही पानांचे क्रमांक घालून. पण त्या आठवड्यात कार्यालयाला रंग काढला होता, वासाने तिचे डोळे चुरचुरत होते, काम तर तुंबलेलं. शनिवारी तिने तक्त्याचा कागद घडी करून पिशवीत टाकला आणि घरी जाईपर्यंत पिशवी दोन्ही हातांनी पोटाशी धरली. रविवारी दुपारी धाकटा भाऊ आला. हातात संत्र्यांची पिशवी. तो असा अचानक आला की तिला अजूनही तो शाळेतून आल्यासारखं वाटे. आताशा तो यायचा वर्षातून तीन-चारदा, आणि आला तरी फोन कानाला. त्या दिवशी त्याने फोन खिशात ठेवला. टेबलाशी बसला, संत्रं सोललं, अर्धं तिच्यापुढे ठेवलं आणि म्हणाला, "काय करतेस गं ताई? समजव की मला." इतक्या वर्षांत तिच्या कामाबद्दल असं कुणी विचारलं नव्हतं. ती खुलली. लहान मुलाला अक्षरं दाखवावीत तसं तिने त्याला रकाने दाखवले. हे अठरा-एकोणीसचे, नवे कोरे. हे तिशीतले, घर बदलत राहतात, यादीत सापडत नाहीत. हे साठीपुढचे, हे कुठे जात नाहीत, गेले तर एकदाच जातात. दोघं हसले. आपली गल्ली बघ, ती म्हणाली, सगळी या उजव्या बाजूच्या रकान्यांत सरकली. आणि मी पण, पुढच्या यादीत मी साठच्या रकान्यात. "तू कसली म्हातारी होतेस," तो म्हणाला, "चहा टाक. तुझ्या हातचा चहा पिऊन किती दिवस झाले." ती आत गेली. दूध वर येईपर्यंत ती गुणगुणत होती, हे तिला आता इतकं स्पष्ट आठवलं की कान तापले. बाहेर आली तेव्हा फोन टेबलावर पालथा ठेवलेला होता आणि कागद अगदी सरळ, टेबलाच्या कडेला समांतर. तिला वाटलं, किती नीटनेटका झालाय.

टंकलेखिकेने पाण्याचा पेला आणून ठेवलाच. पोरगी गुणी होती, सहा महिन्यांच्या कच्च्या नोकरीवर, आणि समितीकडे पाठवायची पाकिटं तिच्याच हातून जात. ती पाणी प्यायली आणि तिने प्रस्तावाचं दुसरं पान उघडलं. भाषा तिच्या चांगल्या परिचयाची होती. कोणत्याही वॉर्डात सहा हजारांवर मतदार असू नयेत. या वॉर्डात सहा हजार चोपन्न झाले आहेत. सबब समतोलासाठी वाचनालयाची गल्ली टेकडीपलीकडच्या वॉर्डाला जोडावी. सहा हजार चोपन्नमधून एकशे चौऱ्याऐंशी वजा केले की पाच हजार आठशे सत्तर उरतात, हे तिला कागद-पेन्सिल न घेता कळलं. मर्यादेच्या आत. कुणाला कुठे ढकलायची गरजच नव्हती. नकाशा जोडलेला होता, त्यावर नवी लाल रेघ गल्लीच्या तोंडाशी वळून वाचनालयाच्या भिंतीला घासून गेली होती. वाचनालय आत, गल्ली बाहेर. वाचनालयात गल्लीचं मतदान केंद्र होतं. आता ते टेकडीपलीकडच्या शाळेत असणार. टेकडीला चौऱ्याण्णव पायऱ्या आहेत, त्याही कठड्याशिवाय. घड्याळजी, म्हणजे समोरच्या घरातले म्हातारे घड्याळदुरुस्तीवाले, मतदानाच्या दिवशी सकाळी कोट घालून, काठी घेऊन, सातच्या आधी वाचनालयाच्या दारात उभे असतात, पहिलं मत आपलं म्हणून. त्यांना चौऱ्याण्णव पायऱ्या म्हणजे न जाण्याची सोय. तेच हवं होतं का कुणाला, असा प्रश्न तिच्या मनात आला आणि तिने तो घाईघाईने खाली ठेवला, गरम भांडं ठेवावं तसा.

कारण ही गल्ली धाकट्याला दिली होती ती तिनेच. आई गेली तेव्हा तो सहा वर्षांचा होता आणि ती अठरा. ज्या वर्षी तिचं नाव यादीत आलं त्याच वर्षी आईचं गेलं. ते दोन बदल तिने पुढे नोकरीला लागल्यावर जुन्या यादीत शोधून पाहिले होते, एकाच पानावर होते. वडील घरात असून नसल्यासारखे. धाकट्याच्या वह्यांना पुठ्ठे तिने घातले, तापात कपाळावर हात तिने ठेवला, शाळेत बोलावणं आलं की आईच्या जागी ती गेली. पुढे लग्नाचं एक-दोनदा निघालं आणि मिटलं, त्याचं तिला फारसं काही वाटलं नाही असं ती म्हणे. पंधरा वर्षांपूर्वी तो निवडणुकीला उभा राहिला तेव्हा तिने त्याला स्पष्ट सांगितलं, मी यादीवर बसते, मी तुझ्याबरोबर एका दारातही येणार नाही. तो म्हणाला, नकोच येऊस. पण जेवताना ती बोलत राही. घड्याळजींना डाव्या कानाने ऐकू येत नाही, उजवीकडे उभा राहा. कोपऱ्यावरच्या शिक्षिकेला नमस्कार केल्यावर लगेच निघू नकोस, तिला वाईट वाटतं. दोन नंबरच्या घरात भावाभावांत बोलणं नाही, दोन्ही दारं वेगळी वाजव. हे यादीतलं नव्हतं, शेजारधर्मातलं होतं, म्हणून तिला त्यात गैर वाटलं नाही. एक्केचाळीस मतांनी तो आला. गल्लीने वाचनालयापुढे त्याला उचलून घेतलं आणि घड्याळजींनी त्याच्या मनगटावर आपल्या हातांनी दुरुस्त केलेलं घड्याळ बांधलं. ते घड्याळ हल्ली त्याच्या हातात दिसत नाही. पण लोक घड्याळं बदलतात, त्यात काय, असं तिने तेव्हा म्हटलं होतं. एखाद्या माणसाच्या बाजूने आपण किती वर्षं, किती बारीकसारीक गोष्टींची कारणं शोधून ठेवतो, आणि ती सगळी एका सकाळी कशी आपल्याच अंगावर येतात.

जेवणाच्या सुट्टीत ती दोन मजले चढून निवडून आलेल्या सदस्यांच्या मजल्यावर गेली. या मजल्यावर गालिचा होता, पावलांचा आवाज होत नसे, त्यामुळे आपण आलोय की नाही याचीच तिला शंका येई. त्याच्या दारावर त्याचं नाव पितळेत. तो एकटाच होता, खिडकीशी उभा राहून डबा खात.

"सूर्य आज पश्चिमेला उगवला का? ताई, तू वर? ये, बस. जेवलीस?"

"पाचशे अकरा कुठून आले?"

त्याचा घास हातातच राहिला. मग त्याने तो सावकाश खाल्ला, तोंड पुसलं. लहानपणी खोटं बोलायच्या आधीही तो असंच तोंड पुसायचा, हे तिला आठवायला नको होतं.

"कुठले पाचशे अकरा?"

"गल्लीचे. समितीच्या कागदावर आहेत."

"मग समितीनं मोजले असतील."

"समितीला मागचं फाटक माहीत नाही रे. ते मला माहीत आहे, आणि तुला. आपण दोघं त्या गल्लीत वाढलो."

तो खुर्चीत बसला. नाही म्हणाला नाही, हे त्यातल्या त्यात बरं. बराच वेळ डब्याचं झाकण फिरवत राहिला आणि मग अगदी समजुतीच्या सुरात बोलायला लागला, शाळेतला हुशार मुलगा मठ्ठ मुलाला गणित समजावतो तसा. "ताई, ऐक. रागावू नकोस. गल्ली म्हातारी झाली. तूच दाखवलंस मला. पहिल्या वेळी वाचनालयाच्या पेटीतून मला दोनशे साठ मतं होती, गेल्या वेळी एकशे सत्तर. पुढच्या वेळी किती? आणि मागणी रोजची. दिवा लाव, बाकडं दे, उताराला कठडा लाव. तिकडे नव्या इमारतींत चाळिशीच्या आतली अडीच हजार माणसं आहेत, त्यांना काय हवं ते मला बघायला नको? वॉर्ड बदलतो. माणसानं वॉर्डाबरोबर बदलावं लागतं."

"आणि मी? मी राहते तिथे."

"तू माझ्या वॉर्डात काय, पलीकडच्या वॉर्डात काय, माझी ताईच ना? तुझं काय अडणार आहे?" तो हसला. मनापासून हसला, तेच वाईट. "तुझं एक मत गेलं म्हणून मी पडणार नाही."

ती उभीच होती. खुर्चीच्या पाठीवर तिचा हात होता आणि तो हात ती बघत होती. नखांना शाई होती. "मी हा आकडा दुरुस्त करणार," ती म्हणाली.

"कर. पण मग विचारतील ना, समितीकडे हा गेला कसा?" आवाज अजूनही मऊच. "पाकिटं ती नवीन मुलगी पाठवते, तिच्यावर जाईल. नाहीतर तू सांगशील की कागद तू घरी नेला होतास. आठ महिने राहिलेत तुझे. चौतीस वर्षांवर पाणी पडेल. मी तुझाच विचार करतोय ताई. सही करून टाक. तू काही बोलणारी नाहीस, मला माहितीये."

आपलेच दात आणि आपलेच ओठ, असं आई म्हणायची. जिन्यावरून उतरताना ते वाक्य तिच्या पायरीपायरीबरोबर उतरत होतं. कागद चोरला याचं दुःख होतं, पण ते तिच्या ओळखीचं दुःख होतं. मुलं खाऊ चोरतात, मग रडतात, मग आपण जवळ घेतो. हे वेगळंच होतं. कागदाचा फोटो काढताना त्याने तिलाही मोजलं होतं. ही घाबरेल, ही गप्प बसेल, ही नियमाची भित्री आहे, ही माझी आहे. तिच्या भीतीचा आकडा त्याने बेरजेत धरला होता आणि मगच ती लाल रेघ ओढली होती. तिने ज्याला उजवीकडे उभं राहायला शिकवलं, तो तिला कुठल्या कानाने ऐकू येत नाही ते ओळखून तिथेच उभा राहिला. मधल्या मजल्यावर ती थांबली. खिडकीतून टेकडी दिसत होती, पायऱ्यांची करडी पट्टी, त्यावर कुणीतरी सामान घेऊन चढत होतं आणि दर सात-आठ पायऱ्यांनंतर टेकत होतं. खूप राग यायला हवा होता. पण तिला नुसतं रितं वाटत होतं, आणि त्या रितेपणात राहून राहून एक मूर्ख गोष्ट येत होती. त्या रविवारी त्याने पुढे ठेवलेलं अर्धं संत्रं तिने जपून, एकेक फोड करत, रात्रीपर्यंत पुरवलं होतं.

टेबलाशी येऊन बसली तेव्हा सव्वातीन झाले होते. टंकलेखिका म्हणाली, "बाई, जेवला नाहीत तुम्ही." तिने नुसतीच मान हलवली. या पोरीवर जाईल, असं तो किती सहज म्हणाला. पोरीला एक आई आहे, भाड्याची खोली आहे, आणि तिचा स्वतःचा पत्ता यादीत अजून जुनाच आहे, बदलायचा फॉर्म ड्रॉवरमध्ये पडलाय. तिने पट्टी घेतली. पाचशे अकरावर आडवी रेघ मारली, वर तीनशे सत्तावीस लिहिलं, बाजूला आद्याक्षरं घातली. एकूण बेरीज दुरुस्त केली. मग ती दुरुस्तीच्या कारणांचा कागद ओढून लिहायला लागली. अक्षर वळणदार, नेहमीसारखं. चुकीचा आकडा माझ्या कच्च्या कागदावरचा आहे. तो कागद मी नियम मोडून घरी नेला. कार्यालयातून तो कुणाच्याही हातून बाहेर गेलेला नाही. टंकलेखिकेचा याच्याशी संबंध नाही. माझ्या घरी तो एका व्यक्तीने पाहिला. इथवर पेन अडखळलं नाही. आठ महिने, निवृत्तीचा हार, साहेबांचं भाषण, सगळं त्या चार ओळींत गेलं आणि तिला त्याचं फार काही वाटलं नाही, म्हणजे खरंच वाटलं नाही. घड्याळजींना उद्या काय सांगायचं याचंच जास्त वाटलं.

साहेब मागे येऊन उभे होते. कधी आले कुणास ठाऊक. त्यांनी खांद्यावरून वाचलं. मग हळूच म्हणाले, "यादीबाई, हे असं द्यायलाच पाहिजे का?"

"आकडा चुकीचा आहे, साहेब."

"मग ती व्यक्ती कोण, तेही लिहावं लागेल. नाहीतर समिती हे परत पाठवेल."

"लिहिते."

व्यक्तीची नोंद कशी करायची ते तिला कुणी शिकवायला नको होतं. अशा लाखभर नोंदी तिच्या हातून गेल्या होत्या. आधी नाव. तिने त्याचं नाव लिहिलं. मग वडिलांचं नाव. ते तिच्याही नावापुढे लागत होतं, आणि ते लिहिताना एक अक्षर जरा जाड उमटलं. मग वय, सत्तेचाळीस. मग घर क्रमांक आणि गल्ली. तिने लिहिलं, नऊ, वाचनालयाची गल्ली. पूर्णविराम देऊन पट्टी उचलली तेव्हा तिला दिसलं. नऊ नंबरचं घर तिचं होतं. तो तिथून अकरा वर्षांपूर्वी गेला, नव्या इमारतीत, सातव्या मजल्यावर. त्याच्या बदललेल्या पत्त्याचा फॉर्म तिनेच भरून घेतला होता. डोक्याला ते पाठ होतं. हाताला मात्र कुणी कळवलं नव्हतं. हा असा चुकीचा पत्ताही सबंध इमारतीत एकाच माणसाच्या हातून पडला असता.

"काही राहिलं का?" साहेबांनी विचारलं.

"चूक झाली," ती म्हणाली. "दुरुस्त करते."

चुकीच्या नोंदीवर खाडाखोड करायची नसते, एकच सरळ रेघ मारायची असते, म्हणजे खालचं वाचता येतं. तिने नऊ नंबराखाली पट्टी धरली. घरात दोघांची अंथरुणं शेजारी होती तेव्हा तो पाय तिच्या अंथरुणात सारायचा आणि ती ओरडायची, तुझी बाजू तिकडे. आणि तो झोपला की ती पाय तसाच राहू द्यायची. पेन टेकवताना तिने पट्टी डाव्या हाताने घट्ट दाबून धरली. मग तिने रेघ ओढली, डावीकडून उजवीकडे, घराच्या नंबरापासून गल्लीच्या शेवटच्या अक्षरापर्यंत. बाजूला आद्याक्षरं घातली आणि वर त्याचा नवा पत्ता लिहिला.